भर दर्यात वाट कशी सापडे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्धापुरात उभे राहून समुद्राविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे चमत्कारिकच. येथून सरळ पश्चिमेला निघाले तर समुद्र जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटरवर लागतो. आपल्या भोवती केळीच्या बागा आणि हळदीची शेते. पाणी म्हटले की आपल्याला विहीर आठवते, कालवा आठवतो, फार तर गोदावरी. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात मुंबईहून जहाजाने हजला गेलेली वडीलधारी माणसे होऊन गेली. ती जहाजे १९९५ पर्यंत जात असत. चहूकडे नुसते पाणी आणि वर आकाश, हे वर्णन त्यांच्या तोंडून ऐकलेले लोक या मंडपात बसले आहेत. त्या जहाजांवर यंत्रे होती, नकाशे होते, बिनतारी संदेशाची सोय होती. पण हजार-दोन हजार वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते. वाटेत खुणेला झाड नाही की टेकडी नाही. अशा वेळी नाखवा आपले गलबत नेमके हव्या त्या बंदराला कसे लावीत असे?

दुसरे कारण असे, की आपल्या सभांमधून एक वाक्य नेहमी ऐकू येते. आपल्या पूर्वजांनी समुद्र पालथे घातले, वास्को द गामाला वाट दाखवली ती आपल्याच माणसाने. यावर टाळ्या पडतात. पण टाळ्या थांबल्यावर एखाद्या मुलीने उठून विचारले, “म्हणजे त्यांना नेमके काय येत होते?” तर उत्तर देता आले पाहिजे. आज ते उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. वास्को द गामाच्या गोष्टीकडे शेवटी येईन. आपण सांगतो तशी ती गोष्ट नाही.

आधी मराठवाड्याचा या विषयाशी संबंध काय, ते पाहू. लातूर आणि धाराशिव यांच्या मध्ये तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडून व्यापारासाठी इकडे येणाऱ्या एका ग्रीक भाषिकाने समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते छोटे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात पैठणचे नाव आहे आणि ‘तगर’ म्हणजे आपल्या तेरचेही आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधे सुती कापड व मलमल गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात नेत, असे तो सांगतो. तेथून हा माल जहाजात चढे. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथे हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाल्या आहेत. तेरचे लामतुरे संग्रहालय येथून काही फार दूर नाही. सहली अजिंठा-वेरूळला जातात, एखादी तेरलाही जावी.

पुढे राष्ट्रकूटांचे राज्य आले. हे राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या जिल्ह्यातील कंधार हे त्यांचेच एक मोठे ठाणे. अरब प्रवासी या राजांना ‘बल्हरा’ म्हणतात. आपल्या लोकांशी हे राजे चांगले वागतात, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. इतिहासकार अल्-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, कोकणातील चौल बंदरात आला होता. त्याला तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहात असलेले आढळले. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसरा-बगदादचे, आणि कित्येक येथेच जन्मलेले. त्याच सुमाराचा, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा एक ताम्रपट पालघर जिल्ह्यातील चिंचणीला मिळाला आहे. राष्ट्रकूट राजाने संजान प्रांतावर नेमलेल्या एका अरब अधिकाऱ्याची हकीकत त्यात आहे. संस्कृतात त्याचे नाव ‘मधुमती’ असे लिहिले आहे. ते मुहम्मद या नावाचेच रूप आहे, असे विद्वान म्हणतात. या गृहस्थाने दोन नद्यांवर फुकट नावा चालू केल्या, वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नछत्र घातले आणि एका मठासाठी दान दिले. हा ताम्रपट शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात का नाही, हे मला कधी उमगले नाही.

एवढी माणसे आणि एवढा माल समुद्र ओलांडून येत-जात होता. आता ते कसे घडत असे, ते पाहू.

किनाऱ्या-किनाऱ्याने जाणे आणि भर दर्यात शिरणे यांत फार फरक आहे. किनारा दिसत असेल तर डोंगराचे सुळके, नदीची मुखे, देवळांचे कळस, मशिदींचे मिनार या खुणा पाहात जाता येते. एडनहून किंवा मस्कतहून निघून कोकणात यावयाचे तर मध्ये कित्येक दिवस जमीन दिसत नाही. येथे तीन गोष्टी लागतात. केव्हा निघायचे, कोणत्या दिशेने जायचे आणि आता कोठे पोहोचलो.

यांतील पहिली गोष्ट वाऱ्याची. अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. त्यावरून आपला ‘मोसम’ आला, आणि इंग्रजांनी त्याचाच ‘मान्सून’ केला. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानाकडून आपल्याकडे वाहतो. तोच वारा मृगाचा पाऊस आपल्या शेतात आणून टाकतो. साधारण नोव्हेंबरपासून तो उलटतो आणि ईशान्येकडून वाहू लागतो. शिडाच्या गलबताला यायला एक वारा आणि जायला दुसरा, अशी ही निसर्गाचीच व्यवस्था. मात्र ऐन पावसाळ्यात समुद्र इतका खवळलेला असतो, की गलबत टिकत नाही. कोकणातली बंदरे नारळी पौर्णिमेपर्यंत बंद असत ती याचसाठी. म्हणून अरबस्तानातून निघणारे हुशार नाखवे वाऱ्याचा जोर ओसरू लागला की ऑगस्टच्या अखेरीस निघत आणि सप्टेंबरात येथे पोहोचत. हा वारा ‘हिप्पालस’ नावाच्या ग्रीक खलाशाने शोधून काढला असे ग्रीकांनी लिहून ठेवले आहे. ग्रीकांना तो त्या वेळी कळला, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. या किनाऱ्यांवर राहणाऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता.

येथे एक अडचण होती. हिजरी वर्ष चंद्राचे आहे. रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. तसे सारेच महिने ऋतूंमधून फिरतात. पण वारा सूर्याच्या वर्षाने चालतो. “शाबानच्या अमुक तारखेला निघा” असे सांगून भागत नसे. म्हणून दर्यावर्दी लोकांनी नौरोजपासून दिवस मोजण्याची रीत ठेवली. नौरोजनंतर इतक्याव्या दिवशी एडनहून सुटावे, इतक्याव्या दिवसानंतर सुटू नये, अशी त्यांची कोष्टके असत. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे चटकन पटेल. निजामाच्या राज्यात शेतसाऱ्यासाठी फसली साल चाले ते याच कारणाने. पीकही सूर्याच्याच वर्षाने येते. नमाज-रोजासाठी एक वर्ष आणि वाऱ्या-पिकासाठी दुसरे, असे दोन हिशेब ते लोक शेजारी शेजारी ठेवीत, आणि त्यात त्यांना काही अडचण वाटत नसे.

मोसम चुकला तर वर्षभर परक्या बंदरात अडकून पडावे लागे. चौलला इतके लोक येऊन राहिले त्याचे हेही एक कारण आहे. माणूस वारा फिरण्याची वाट पाहात राहतो, घर करतो, लग्न करतो, मशीद बांधतो, आणि पुढच्या पिढीची मातृभाषा बदलते.

दुसरी गोष्ट दिशेची. दिवसा सूर्य आणि लाटांचा रोख, रात्री तारे. सूरह अल्-अनआममध्ये जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या अंधारात वाट सापडावी म्हणून ताऱ्यांचा उल्लेख आला आहे, हे आपण जाणता. खलाशांनी त्याचे अगदी मोजून-मापून शास्त्र केले. कोणताही एक तारा क्षितिजावर रोज त्याच जागी उगवतो आणि त्याच जागी मावळतो. वेळ पुढे-मागे होते, जागा बदलत नाही. असे पंधरा तारे व तारकासमूह त्यांनी निवडले. पंधरांचे उदय आणि पंधरांचे अस्त मिळून तीस दिशा झाल्या. उत्तर आणि दक्षिण धरून बत्तीस. आपल्या शाळेत आठ दिशा शिकवतात, त्यांच्याजवळ बत्तीस होत्या आणि प्रत्येकीला ताऱ्याचे नाव होते. त्यांतली बरीच नावे आपल्या घरातली आहेत. मुलीचे नाव आपण सुरैया ठेवतो. सुरैया म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. मुलाचे सुहैल ठेवतो. सुहैल म्हणजे दक्षिणेकडचा तेजस्वी अगस्त्य तारा. खलाशांचा ‘ताइर’ म्हणजे आपल्या पंचांगातला श्रवण, तो त्यांची नेमकी पूर्व दाखवी. ‘सिमाक’ म्हणजे स्वाती, ‘नअश’ म्हणजे सप्तर्षी. आपला शेतकरी नक्षत्रांवरून पेरणी ठरवीत आला आहे. त्याच आकाशावरून कोकणातला नि ओमानचा तांडेल सुकाणू धरी. फरक एवढाच, की शेतकऱ्याला नक्षत्रावरून दिवस कळे आणि तांडेलाला दिशा.

तारा जोवर क्षितिजाजवळ आहे तोवरच तो दिशेसाठी उपयोगी पडतो. वर चढला की त्याच जागी उगवणारा दुसरा तारा धरावा लागतो. म्हणजे रात्रभर एकामागून एक येणाऱ्या ताऱ्यांची माळ सुकाणूवाल्याला पाठ पाहिजे. ढग आले तर? तेराव्या शतकापासून चुंबकाच्या सुईचे उल्लेख मिळतात. १२८२ साली लिहिणारा बैलक अल्-किब्जाकी सांगतो, की हिंदी महासागरातले खलाशी लोखंडी पत्र्याचा पोकळ मासा पाण्यावर तरंगत ठेवतात आणि त्याचे डोके व शेपूट दक्षिण-उत्तर दाखवतात. पुढे ही सुई डबीत बसवली गेली. डबीला अरबीत ‘हुक्का’ म्हणतात, त्याचा मराठीत ‘होका’ झाला. मुलांनो, भूगोलाच्या पुस्तकातले ‘होकायंत्र’ ते हेच. नाखवा, सारंग, खलाशी, बंदर, दर्यावर्दी हे शब्दही असेच अरबी-फारसीतून आले आणि कोळ्यांपासून कोकणी मुसलमानांपर्यंत सर्वांचे झाले. काही तर आडनावे झाली.

आता तिसरी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. आपण कोठे आहोत ते कसे कळे? यासाठी त्यांच्याजवळ ‘कमाल’ नावाचे एक साधन होते. ते इतके साधे आहे की प्रथम हसू येते. लाकडाची एक लहान चौकोनी फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी आणि दोरीला गाठी. गाठ दातांत धरायची, दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर उभी करायची. फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ध्रुवाला लागते का पाहायचे. ज्या गाठीवर लागते, त्या गाठीवरून ध्रुवाची उंची कळते. आणि ध्रुवाची उंची म्हणजेच आपल्या जागेचे अक्षांश.

हे घरी करून पाहता येते, आणि मुलामुलींनी ते जरूर करावे. वीस सेंटिमीटर उंचीचा पुठ्ठा घ्या. मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि पुठ्ठ्यापासून साठ सेंटिमीटरवर गाठ मारा. इशाच्या नमाजनंतर गावाबाहेर मोकळ्या शेतात जा. उत्तरेकडे केळीची बाग आड येणार नाही अशी जागा बघा, नाही तर क्षितिजच दिसणार नाही. उन्हाळ्यात सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून ध्रुव शोधा, हिवाळ्यात शर्मिष्ठेवरून. गाठ दातांत धरा, खालची कड जमिनीच्या रेषेला लावा. ध्रुव वरच्या कडेजवळ बसलेला दिसेल. साठ सेंटिमीटरवरचा वीस सेंटिमीटरचा पुठ्ठा डोळ्याशी साधारण एकोणीस अंशांचा कोन करतो आणि अर्धापूर सव्वाएकोणीस अंशांवर आहे. तोच पुठ्ठा घेऊन कन्याकुमारीला गेलात तर ध्रुव पुठ्ठ्याच्या आड जाईल; दिल्लीला गेलात तर तो वर दिसेल. दहावीला भूमिती कशाला, असे विचारणाऱ्याच्या हातात हा पुठ्ठा द्यावा.

खलाशी मात्र अंशांत बोलत नसत, बोटांत बोलत. हात लांब करून एक बोट आडवे धरले की आकाशाचा जेवढा भाग झाकतो तो एक ‘इसबा’. त्यांनी आकाशाच्या पूर्ण वर्तुळाचे २२४ इसबा धरले होते, म्हणजे एक इसबा सुमारे एक पूर्णांक सहा दशांश अंश झाला. गलबत सरळ उत्तरेला एक दिवस-रात्र चांगल्या वाऱ्याने चालले की ध्रुव एक बोट वर येतो, असा त्यांचा हिशेब. दिवस-रात्रीचे ते आठ ‘झाम’ करीत, तीन-तीन तासांचे. आजच्या मापाने एक बोट म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. घरचे बंदर सोडताना ध्रुव कोणत्या गाठीवर आहे ते पाहून ठेवले की परत यायला ती गाठ पुरे. भर समुद्रात आधी उत्तर-दक्षिण सरकून ध्रुव घरच्या गाठीवर आणायचा, मग तो तेथून हलू न देता पूर्वेकडे चालत राहायचे. बंदर समोर येतेच. १८३६ साली कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी अरब नाखव्याजवळ हे साधन पाहून त्याचे वर्णन छापले. म्हणजे तोवर ते वापरात होते.

यात एक बारकावा आहे. आज ध्रुवतारा आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून एक अंशाहूनही कमी अंतरावर आहे. पाचशे वर्षांपूर्वी तो सुमारे साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभरात त्या बिंदूभोवती लहानसे वर्तुळ करी. म्हणजे संध्याकाळचे आणि पहाटेचे माप दोन-चार बोटांनी वेगळे येणार! म्हणून कोणते नक्षत्र माथ्यावर असताना मापात किती मिळवायचे आणि किती वजा करायचे, याची कोष्टके त्यांनी केली होती. ज्यांना आपण अडाणी खलाशी समजतो ती माणसे हे हिशेब हलत्या गलबतावर, अंधारात, तोंडी करीत.

पण ध्रुव सर्व काही सांगत नाही. आपले अर्धापूर आणि कोकणातले जुने सोपारा बंदर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तुमचा पुठ्ठा सोपाऱ्यालाही तसाच बसेल. आपण पूर्वेला किती आणि पश्चिमेला किती, ते ध्रुवावरून कळत नाही. त्यासाठी वेळ लागते. रमजानात मुंबईहून आलेल्या वेळापत्रकाने आपण इफ्तार करीत नाही, कारण आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अठरा मिनिटे आधी मावळतो. मुंबईच्या वेळेला लावलेले घड्याळ खिशात असेल तर या अठरा मिनिटांवरून आपण मुंबईच्या पूर्वेला साडेचार अंश आहोत हे काढता येते. चार मिनिटांना एक अंश. परंतु समुद्रावर महिनोन् महिने बिनचूक चालेल असे घड्याळ जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने अठराव्या शतकात केले, तोवर जगात कोणाजवळच ते नव्हते. अरबांजवळ नव्हते, आपल्याजवळ नव्हते, पोर्तुगीजांजवळही नव्हते.

मग पूर्व-पश्चिम अंतराचे काय करीत? किती झाम चाललो त्याची मोजदाद ठेवीत आणि जमीन जवळ आल्याच्या खुणा पाहात. हिंदुस्थानचा किनारा जवळ आला की समुद्रात साप दिसू लागतात, ही खूण ‘पेरिप्लस’मध्ये आहे आणि चौदाशे वर्षांनंतरच्या अरबी ग्रंथांतही आहे. पाण्याचा रंग बदलतो. पक्ष्यांचे थवे संध्याकाळी कोणत्या बाजूला परततात ते पाहायचे. पाली ग्रंथांत तर गलबतावर पाळलेला पक्षी सोडून देण्याची रीत सांगितली आहे. जमीन असेल तर तो तिकडे जातो, नसेल तर परत येतो. शेवटी दोरीला शिसे बांधून खोली मोजायची आणि तळाची वाळू की चिखल ते पाहायचे. अनुभवी माणूस त्यावरून बंदर ओळखी.

एवढे सगळे पाठ कसे ठेवीत? काव्य करून. जसे आपण पाढे म्हणत होतो, तसे हे लोक समुद्राच्या वाटा छंदात म्हणत. या विद्येतील सर्वांत मोठे नाव शिहाबुद्दीन अहमद इब्न माजिद. अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरील जुल्फार गावचा हा माणूस पंधराव्या शतकात होऊन गेला. त्याचे वडील आणि आजोबाही मार्गदर्शक खलाशी होते. वडिलांनी लाल समुद्रावर हजारावर ओळींचे काव्य रचले होते. इब्न माजिदने त्यातल्या चुका स्वतःच्या अनुभवाने दुरुस्त केल्या. आणि १४६२ सालच्या आपल्या स्वतःच्या काव्यातल्या मापांतही पुढे, सुमारे १४९० च्या मोठ्या ग्रंथात, फेरफार केले. वडिलांचे म्हणणे त्याने मापून पाहिले, यात त्याला वडिलांचा अपमान वाटला नाही. पालकांनी या गोष्टीचा जरा विचार करावा.

आता वास्को द गामा. इब्न माजिदने त्याला आफ्रिकेहून कालिकतला आणले असे आपण अभिमानाने सांगतो. याचा आधार काय? मक्केतील विद्वान कुतबुद्दीन अल्-नहरवाली याने घटनेनंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी लिहिलेला ग्रंथ. विसाव्या शतकात गाब्रिएल फेराँ या फ्रेंच पंडिताने इब्न माजिदचे ग्रंथ छापले आणि ही कथा उचलून धरली, तेव्हापासून ती जगभर झाली. पण नहरवालीने काय लिहिले आहे ते पूर्ण वाचावे. तो म्हणतो, फिरंग्यांच्या सरदाराने इब्न माजिदला दारू पाजली आणि नशेत त्याच्याकडून वाट काढून घेतली. तो हे अभिमानाने सांगत नाही, दोष देण्यासाठी सांगतो. आपल्याला हा दाखला हवा असेल तर दारूसकट घ्यावा लागेल! सुदैवाने तो घेण्याचे कारण नाही. पोर्तुगीज लेखक या वाटाड्याला गुजराती म्हणतात. इब्न माजिद गुजराती नव्हता, आणि त्याच्या नावावरच्या काव्यात फिरंगी आल्याचा उल्लेख असला तरी त्यांना मी आणले असे तो म्हणत नाही. आजचे बहुतेक अभ्यासक तो इब्न माजिद नव्हे असेच मानतात.

मग तो कोण होता? १५५२ मध्ये छापलेल्या इतिहासात बारोस हा पोर्तुगीज लेखक त्याला ‘मालेमो कना’ म्हणतो आणि गुजरातचा मुसलमान सांगतो; आणखी एक लेखक ‘कनका’ असे लिहितो. यातले ‘मालेमो’ म्हणजे मुअल्लिम. अरबीत मुअल्लिम म्हणजे शिक्षक, आणि वाट दाखवणाऱ्या खलाशालाही समुद्रावर याच नावाने हाक मारीत. कच्छ-गुजरातेत त्याचाच ‘मालम’ झाला. ‘कनका’ हे नाव नसून संस्कृत ‘गणक’ आहे, असे काही पंडितांचे मत आहे. तसे असेल तर या माणसाचे नाव कोणी लिहूनच ठेवले नाही, फक्त हुद्दा ठेवला. शिक्षक आणि गणित जाणणारा. एक शब्द अरबी, एक संस्कृत.

बारोसने एक प्रसंग दिला आहे. वास्को द गामाने आपले लाकडी व धातूचे उंची मोजण्याचे यंत्र या मुअल्लिमाला मोठ्या ऐटीत दाखवले. तो मुळीच चकित झाला नाही. तांबड्या समुद्राकडचे लोक अशी साधने वापरतात, म्हणाला, पण आम्ही हिंदुस्थानचे खलाशी दुसरे वापरतो. आणि त्याने आपल्या फळ्या काढून दाखवल्या. त्याच्याजवळ हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा बारीक चौकटी आखलेला नकाशाही होता. २४ एप्रिल १४९८ रोजी मालिंदीहून गलबते सुटली. मालिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेथून ध्रुव दिसतच नाही. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला, पोर्तुगीजांना कित्येक महिन्यांनंतर ध्रुव पुन्हा दिसला, अशी त्यांच्या रोजनिशीत नोंद आहे. १८ मे रोजी जमीन दिसली आणि २० तारखेला ते कालिकतसमोर होते. माणूस माहीतगार, वारा हंगामाचा.

परतताना त्यांनी हंगाम पाहिला नाही. ५ ऑक्टोबरला गोव्याच्या दक्षिणेच्या अंजदीव बेटावरून ते निघाले. ईशान्येचा वारा अजून सुरू झाला नव्हता. तोच समुद्र ओलांडायला त्यांना तीन महिन्यांना तीन दिवस कमी इतका वेळ लागला. कधी वारा पडे, कधी उलट वाहे. तीस माणसे वाटेत रोगाने गेली, प्रत्येक जहाजावर कामाला उभे राहू शकतील अशी सात-आठच उरली. आफ्रिकेचा किनारा लागल्यावर तीन जहाजे चालवायला माणसे पुरेनात, म्हणून ‘साओ राफाएल’ हे एक जहाज त्यांनी तेथेच जाळून टाकले.